स्वस्त तेल नको, सरळ हिशेब हवा

नागपूरजवळच्या वाडीतल्या एका ट्रान्सपोर्ट कार्यालयात मी एकोणीस वर्षं हिशेब लिहिते आहे. आमच्याकडे डिझेलचं रजिस्टर वेगळं ठेवतात. गाडी नंबर, तारीख, पंप, लिटर, दर, किलोमीटर, ॲव्हरेज. त्यातला दराचा रकाना नीट वाचला तर देशाचं तेलधोरण त्यात दिसतं. मला जे म्हणायचं आहे ते त्या रकान्यातूनच सुचलं आहे.

16 जून 2017 पासून पेट्रोल-डिझेलचे दर रोज बदलू लागले. पेट्रोल जून 2010 मध्ये आणि डिझेल ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मोकळं झालं होतंच. त्यानंतर दर पंधरवड्याला बदलायचे, आता रोज बदलणार होते. यापुढे दर बाजार ठरवणार, सरकारचा त्यात हात नाही, असं सांगण्यात आलं. मग माझ्या रजिस्टरात 4 नोव्हेंबर 2021 नंतर सलग साडेचार महिने दर जागचा का हलला नाही? पानामागून पान उलटलं तरी तोच आकडा. त्याच काळात उत्तर प्रदेश, पंजाब, उत्तराखंड, गोवा आणि मणिपूरच्या निवडणुका झाल्या. 24 फेब्रुवारीला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, कच्चं तेल शंभर डॉलरच्या पार गेलं, तरी पंपावर काही फरक पडला नाही. 10 मार्चला निकाल लागले. 22 मार्चला 80 पैसे वाढले, दुसऱ्या दिवशी पुन्हा 80, आणि 6 एप्रिलपर्यंत चौदा वेळा वाढ होऊन लिटरमागे 10 रुपये चढले.

एकदाच घडलं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण 2018 मध्ये कर्नाटकच्या मतदानाआधी एकोणीस दिवस दर थांबले होते. 2021 मध्ये बंगालसह पाच ठिकाणची मतमोजणी 2 मे रोजी झाली आणि 4 मेपासून दर चढायला लागले. 14 मार्च 2024 रोजी दोन रुपयांची कपात जाहीर झाली, आणि लोकसभा निवडणुकीचा कार्यक्रम 16 मार्चला आला. दर रोज बदलण्याची पद्धत कुणी रद्द केलेली नाही. ती कागदावर आहे आणि गरजेप्रमाणे वापरली जाते.

2022 चे ते दहा रुपये कुणाच्या खिशातून गेले, ते मी समोर बसून पाहिलं आहे. मोठ्या कंपन्यांचा माल उचलणाऱ्या मोठ्या ट्रान्सपोर्टरच्या करारात डिझेलवाढीचं कलम असतं. दर अमुक इतका चढला की भाडं तमुक टक्क्यांनी वाढतं. पण आमच्याकडे येणारे बरेचसे गाडीवाले एका गाडीचे मालक असतात, गाडीसुद्धा बँकेच्या हप्त्यावर. भाडं दलालामार्फत फोनवर ठरतं, काही रक्कम ॲडव्हान्स मिळते, बाकी पोच परत आल्यावर. नागपूरहून भिवंडीला भरलेली गाडी गेली की साधारण दोनशे लिटर डिझेल पिते. दहा रुपयांची वाढ म्हणजे एका बाजूचे दोन हजार. त्या एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात असाच एक जण माझ्या टेबलासमोर बसला होता. बुटीबोरीचा माल घेऊन गेला होता, परतीचा माल मिळायला तीन दिवस थांबला, आणि तेवढ्यात दर तीन वेळा वाढला. हिशेब लावला तर ट्रिपमध्ये चालकाचा भत्ता आणि टोल वजा जाता उरले ते हप्त्यालाही पुरणारे नव्हते. तो चिडला नव्हता. एवढंच म्हणाला, "ताई, भाडं त मागच्या आठवड्यातच ठरलं होतं. डिझेल वाढवाचं असन तं वाढवा, पण गाडी भराच्या आधी सांगा ना." मी त्याला काय सांगणार होते? साडेचार महिने थोडं थोडं वाढलं असतं तर त्यानं भाडं तसं मागितलं असतं. सोळा दिवसांत एकदम आलं, म्हणून सगळं त्याच्या अंगावर पडलं.

पेट्रोल-डिझेल स्वस्त करा, असं माझं म्हणणं नाही, हे इथेच स्पष्ट करते. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी 88 टक्क्यांच्या आसपास आपण बाहेरून आणतो. मार्च 2015 मध्ये पंतप्रधानांनी ठरवलेलं लक्ष्य 2022 पर्यंत आयात दहा टक्क्यांनी घटवण्याचं होतं. तेव्हा ती 77 टक्क्यांच्या घरात होती. ती घटली नाही, वाढली. अशा देशात तेल फुकटासारखं विकणं हा शहाणपणा नाही. डिझेल सरकारी पैशानं स्वस्त होतं त्या वर्षांत त्याचा फायदा मालाच्या ट्रकला झाला तसा मोठ्या डिझेल गाड्या घेणाऱ्यांनाही झाला. तेलावर कर असावा, चांगला असावा. माझी तक्रार कराच्या रकमेबद्दल कमी आणि तो ज्या रीतीनं घेतला जातो त्याबद्दल जास्त आहे.

मे 2014 मध्ये केंद्राचं उत्पादन शुल्क पेट्रोलवर लिटरमागे 9 रुपये 48 पैसे आणि डिझेलवर 3 रुपये 56 पैसे होतं. त्यानंतर जगात तेल उतरायला लागलं आणि नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात शुल्क नऊ वेळा वाढलं. मे 2020 मध्ये, टाळेबंदीत, पेट्रोलवर एकाच रात्री 10 रुपये आणि डिझेलवर 13 रुपये वाढले. शुल्क पेट्रोलवर 32 रुपये 98 पैसे आणि डिझेलवर 31 रुपये 83 पैसे झालं. कच्चं तेल तेव्हा वीस डॉलरपर्यंत घसरलेलं होतं. ती घसरण आमच्यापर्यंत आलीच नाही, वाटेतच तिचा कर झाला. डिझेलवरचं शुल्क सहा वर्षांत जवळजवळ नऊ पट झालं.

भाव चढतो तेव्हा तो बाजाराचा असतो आणि उतरतो तेव्हा सरकारचा. माझ्या रजिस्टरातून निघणारं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं हेच आहे. चढ पूर्ण आमच्या अंगावर येते, उतार मात्र कुणीतरी मधेच उचलून नेतं. एप्रिल 2025 मध्येही तेच झालं: कच्चं तेल उतरलं, केंद्रानं दोन रुपये शुल्क वाढवलं, पंपावरचा दर तसाच राहिला. वाढ झाल्याचं कुणाला जाणवलं नाही, म्हणून कुणी बोललं नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. 2022 मध्ये तेल महागलं तेव्हा केंद्रानं मे महिन्यात पेट्रोलवर 8 आणि डिझेलवर 6 रुपये कमी केले, आणि तेल कंपन्यांनी तोटा सोसून दर धरून ठेवले. एप्रिल ते सप्टेंबर 2022 या सहा महिन्यांत तिन्ही सरकारी कंपन्यांना मिळून एकवीस हजार कोटींहून अधिक तोटा झाला. त्या वर्षी जगभरात महागाईनं हाहाकार माजला असताना आपल्याकडे मालवाहतूक ठप्प झाली नाही, हे त्याचंच फळ. हे श्रेय मी मोकळ्या मनानं देते. पण पुढच्या आर्थिक वर्षात, 2023-24 मध्ये, त्याच तीन कंपन्यांचा एकत्रित नफा 81 हजार कोटींच्या जवळ गेला, आणि बहुतेक वर्षभर दर तसूभरही हलला नाही. तोटा भरून निघाला, त्यावर कित्येक पटींनी नफा झाला, आणि वर्ष संपता संपता आम्हाला मिळाले दोन रुपये. तोटा कधी भरून निघेल आणि त्यानंतर दर किती उतरतील, हे आधी कुठे लिहून ठेवलेलं असतं, तर मला काही म्हणायचं नव्हतं.

शुल्क का कमी करत नाही, असं विचारलं की ऑगस्ट 2021 मध्ये अर्थमंत्र्यांनी आधीच्या सरकारच्या तेल रोख्यांकडे बोट दाखवलं. त्यात तथ्य आहे. मनमोहन सिंग सरकारनं दर दाबून ठेवून तेल कंपन्यांना पैशाऐवजी रोखे दिले, आणि त्यांचा बोजा पुढच्यांवर टाकला. ती लबाडीच होती, आणि आज ज्यांना त्या काळची स्वस्ताई आठवते त्यांनी ही गोष्टही आठवावी. पण आकडे शेजारी ठेवून पाहा. त्या रोख्यांची शिल्लक मुद्दल सुमारे 1 लाख 30 हजार कोटी, आणि व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास. तेलावरच्या उत्पादन शुल्कातून केंद्राला 2014-15 मध्ये मिळाले सुमारे 99 हजार कोटी, आणि 2020-21 मध्ये 3 लाख 73 हजार कोटींच्या जवळपास. एका वर्षाच्या वसुलीत सगळे रोखे फिटले असते आणि वर दोन लाख कोटींहून जास्त उरले असते.

आता राज्याकडे येते, कारण आमचं राज्यही या खेळात मागे नाही. 2015 मध्ये दुष्काळ निवारणासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरमागे दोन रुपये लावले. विदर्भ-मराठवाड्यातली ती वर्षं मला आठवतात, आणि त्या दोन रुपयांबद्दल तेव्हा कुणी कुरकुर केली नाही. दुष्काळ सरला, अधिभार राहिला. 2017 मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं बंद झाली आणि बुडालेला महसूल भरून काढायला पेट्रोलवर आणखी तीन रुपये चढले. मधल्या काळात सहा रुपये झालेला अधिभार नऊ रुपयांवर गेला. दारूवरचा बुडालेला कर स्कूटरवाल्याकडून का घ्यायचा, याचं उत्तर मला आजवर मिळालेलं नाही. मूल्यवर्धित कर तर टक्केवारीत आहे, आणि तो केंद्राच्या शुल्कासकट सगळ्या रकमेवर लागतो. म्हणजे केंद्रानं शुल्क वाढवलं की राज्याची कमाईही आपोआप वाढते. नोव्हेंबर 2021 मध्ये केंद्रानं कपात केली तेव्हा महाविकास आघाडी सरकारनं आपला कर कमी केला नाही. एप्रिल 2022 मध्ये पंतप्रधानांनी बैठकीत महाराष्ट्राचं नाव घेऊन ऐकवलं, मुख्यमंत्र्यांनी जीएसटीच्या थकबाकीचा मुद्दा काढला, आणि सरकार बदलल्यावर जुलैमध्ये पेट्रोल पाच आणि डिझेल तीन रुपयांनी उतरलं. दोन्ही बाजूंचे कार्यकर्ते नागपूरच्या व्हरायटी चौकात आलटून पालटून आंदोलन करतात. सत्ता कुणाची आहे तेवढ्यावर कुणी कुठला फलक धरायचा हे ठरतं.

तरी राज्याच्या थकबाकीच्या रडगाण्यामागे एक खरी गोष्ट आहे, आणि ती लोकांपर्यंत फारशी पोचलेली नाही. 2021 मध्ये पेट्रोलवर केंद्राचे 32 रुपये 90 पैसे होते. त्यापैकी राज्यांसोबत वाटून घ्यायचं मूळ शुल्क होतं फक्त 1 रुपया 40 पैसे. उरलेलं सगळं उपकर आणि अधिभार या नावाखाली, आणि घटनेप्रमाणे ते वाटपात येत नाहीत. पंधराव्या वित्त आयोगाप्रमाणे राज्यांचा वाटा 41 टक्के, म्हणजे 57 पैसे. त्यात महाराष्ट्राचा हिस्सा 6.317 टक्के. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं: साडेतीन पैशांच्या जवळपास. नागपूरच्या माणसानं भरलेल्या जवळजवळ तेहतीस रुपयांतून वाटपाच्या मार्गानं महाराष्ट्राच्या तिजोरीत परत येणारे साडेतीन पैसे. रस्त्यांच्या उपकरातून आपल्याकडेही रस्ते होतात, ते मी नाकारत नाही. आमच्या गाड्या त्यावरूनच चालतात. पण तो पैसा कुठे लावायचा हे दिल्ली ठरवते, आणि मग राज्य आपली भूक भागवायला पुन्हा त्याच पंपावर येतं.

पेट्रोल-डिझेल जीएसटीत आणण्याची मागणी दरवेळी होते. सप्टेंबर 2021 मध्ये लखनौच्या बैठकीत परिषदेनं तो विषय बाजूला ठेवला, कारण केंद्र आणि राज्ये, कुणालाच हे दुभतं जनावर सोडायचं नाही. त्यात मी वेळ घालवत नाही.

नागपूरच्या माणसाला या प्रश्नाशी आपला संबंध दूरचा वाटू नये. देशातल्या पेट्रोल पंपांच्या साठवणुकीचे परवाने पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय इथे आहे, वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीचं इथे आहे, कोराडी आणि खापरखेड्याच्या वीजकेंद्रांच्या चिमण्या आपल्या उशाशी आहेत, आणि पर्यायी इंधनांबद्दल देशात सगळ्यात जास्त बोलणारे मंत्री नितीन गडकरी इथले खासदार आहेत. त्यांची तळमळ खरी आहे असं मी मानते. पण पर्याय आले ते नागपूरकराच्या हातात कितपत पडले? मे 2017 मध्ये इलेक्ट्रिक टॅक्सींचा देशातला पहिला मोठा प्रयोग इथे झाला. चार्जिंगच्या रांगांनी चालकांचा दिवस खाल्ला आणि अनेकांनी गाड्या परत केल्या. सीएनजी आला, पण पाइपलाइन नसल्यामुळे ट्रकनं आणलेल्या एलएनजीपासून, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूपासून. मार्च 2022 मध्ये त्याचा दर किलोला 120 रुपये होऊन देशात सर्वांत महाग ठरला. ज्या रिक्षावाल्यांनी कर्ज काढून किट बसवलं त्यांची काय अवस्था झाली असेल, याची कल्पना करवत नाही.

इथेनॉलचं उदाहरण तर थेट आजच्या टाकीतलं आहे. वीस टक्के मिश्रणाचं लक्ष्य आधी 2030 चं होतं, ते 2025-26 वर आणलं आणि गाठलंही. परकीय चलन वाचतं, ऊस आणि मक्याच्या शेतकऱ्याला गिऱ्हाईक मिळतं. दोन्ही गोष्टी मला मान्य आहेत. पण इथेनॉलमध्ये उष्मांक पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी असतो, त्यामुळे गाडी थोडी कमी पळते. हे सांगायला विरोधक लागत नाहीत. नीती आयोगाच्या 2021 च्या आराखड्यातच ते आहे, आणि ही घट भरून निघावी म्हणून मिश्रित पेट्रोल ग्राहकाला स्वस्त मिळालं पाहिजे, असंही तिथे म्हटलं आहे. मिश्रण झालं, सवलतीचं काय झालं? दहा वर्षं जुनी स्कूटर चालवणाऱ्या माझ्या भावाला लिटरमध्ये कमी किलोमीटर मिळतात आणि दर तोच द्यावा लागतो. त्याला बिनमिश्रणाचं साधं पेट्रोल मागायची सोयसुद्धा नाही. राष्ट्रहितासाठी तो झीज सोसायला तयार आहे. त्याला कुणी तसं विचारलं नाही, एवढंच त्याचं दुखणं आहे.

2 जानेवारी 2024 चा दिवस इथे आठवतो. हिट अँड रनच्या नव्या कायद्याविरुद्ध टँकर आणि ट्रकचालक संपावर गेले होते, आणि नागपुरात पंपापंपावर रांगा लागल्या. अमरावती रोडवरच्या एका रांगेत मी दीड तास उभी होते. पुढे एक परिचारिका होती, तिची रात्रपाळी होती. मागे डबे पोचवणारा मुलगा. एक आजोबा गाडी ढकलत आले होते. दीड तासात आमच्या शेजारून एकच शहर बस गेली, तीही दारात लोंबकळणाऱ्यांनी भरलेली. त्या रांगेतला प्रत्येक माणूस लिटरमागे इतका कर भरत होता, आणि त्या बदल्यात त्याला पेट्रोलशिवाय कामावर पोचायची दुसरी वाट मिळालेली नव्हती. मेट्रो चांगली आहे, पण तिच्या दोन मार्गांपासून वाडी, हुडकेश्वर किंवा कळमन्याच्या आतल्या वस्तीपर्यंत जायचं कसं? मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या उन्हात दोन किलोमीटर चाला, असं सांगायची कुणाची हिंमत आहे?

म्हणून माझी मागणी भाव कमी करण्याची नाही. संसदेनं कायद्यानं ठरवावं: कच्चं तेल अमुक पातळीच्या वर गेलं की शुल्क ठरलेल्या पायरीनं उतरेल, खाली आलं की ठरलेल्या पायरीनं चढेल, आणि ही पायरी आधीच जाहीर असेल. सरकारला उतारातून पैसा हवा असेल तर त्यानं तो घ्यावा, पण चढाच्या वेळी परत करण्याच्या बोलीवर. उपकरांचं एकूण शुल्कातलं प्रमाण मर्यादित ठेवावं, म्हणजे राज्यांचा वाटा खरोखर वाटा होईल. राज्यानं मूल्यवर्धित कर टक्केवारीतून काढून लिटरमागे ठराविक रुपयांत आणावा, आणि दुष्काळासाठी म्हणून सुरू झालेल्या अधिभारातून आज मिळणारा पैसा शहर आणि एसटीच्या बसगाड्यांसाठी राखून ठेवावा. यामुळे सरकारांचा महसूल बुडेल असं मला वाटत नाही. त्यांचा बुडेल तो मोकळा हात, निवडणुकीच्या तोंडावर दर धरायचा आणि निकालानंतर सोडायचा.

आणखी एक गोष्ट, जिला एक पैसाही लागत नाही. सीताबर्डीत शंभर रुपयांचं जेवण घेतलं तरी बिलावर केंद्राचा जीएसटी किती आणि राज्याचा किती, हे वेगळं छापलेलं असतं. माझ्याकडे रोज पंपाच्या पावत्यांची गड्डी येते. तीस-चाळीस हजारांचं डिझेल घेतलेल्या पावतीवर लिटर, दर आणि रक्कम एवढंच असतं. कराचा उल्लेख नाही. तो छापला तर गाडी भरणाऱ्या प्रत्येकाला रोज दिसेल की दिल्लीला किती गेले, मुंबईला किती गेले, आणि शुल्क बदललं तर त्याच दिवशी कळेल.

आम्ही वाडीतल्या काही गाडीमालकांनी आणि मुनीम मंडळींनी मिळून एक निवेदन तयार केलं आहे. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनाला राज्याचं अख्खं सरकार नागपुरात येतं, तेव्हा ते विदर्भातल्या सगळ्या पक्षांच्या आमदारांना द्यायचं आहे. त्यात राज्याच्या हातातल्या तीनच गोष्टी मागितल्या आहेत: कर रुपयांत, अधिभार बससाठी, आणि पावतीवर हिशेब. सोबत माझ्या रजिस्टरातल्या दोन पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत, एक फेब्रुवारी 2022 चं आणि दुसरं त्याच वर्षीच्या मार्चअखेरीचं. दराच्या रकान्याभोवती लाल पेनानं चौकट केली आहे.